वडगावातलं आमच्या मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र: कोरोनापासून आजपर्यंतचा अनुभव

बेळगावात कुणाच्या घरी पेशंट असेल, बेड पाहिजे, वॉकर पाहिजे, कमोडची खुर्ची पाहिजे, तर दुकानात जायच्या आधी आपल्या भागातल्या मंडळात एकदा विचारून बघा असं मी सगळ्यांना सांगत असतो. आमच्या वडगावात गल्लीच्या मंडळाने कोरोनात सुरू केलेलं केंद्र अजून चालू आहे आणि आमच्या घराने त्याचा भरपूर उपयोग करून घेतलाय, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बाबांना कोरोना झाला तेव्हा आणि आता अलीकडे आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. मंडळाचं नाव लिहीत नाही कारण त्या पोरांनीच नको म्हणून सांगितलंय, पण वडगावात कुणालाही विचारलं तर पत्ता मिळेल.

आधी काय मिळतं ते सांगतो. मंडळाच्या ऑफिसच्या मागे एक खोली आहे, पूर्वी तिथे गणपतीच्या मांडवाचे वासे आणि लायटिंगच्या माळा पडलेल्या असायच्या, आता तिथे हँडल फिरवून डोक्याकडची नि पायाकडची बाजू वर करता येणारे बेड आहेत, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालायची हवेची गादी, नेब्युलायझर, ऑक्सिमीटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहेत. भाडं काही नाही. डिपॉझिट घेतात, बेडला दोन हजार, कॉन्सन्ट्रेटरला पाच हजार, बाकीच्याला किरकोळ, आणि वस्तू चांगली परत दिली की सगळे पैसे परत. आधार कार्डाची झेरॉक्स लागते. कॉन्सन्ट्रेटर पाहिजे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजेच, त्याशिवाय देत नाहीत, त्यावरून लोकांची वादावादी झालेली मी बघितलीय पण पोरांचंच बरोबर आहे, का ते पुढे येईलच. कुठल्या गल्लीचा, कुठल्या पक्षाचा, घरात मराठी बोलतो का कानडी का उर्दू असलं काही कोण विचारत नाही. खासबागेतून, अनगोळातून, येळ्ळूरहून लोक येऊन घेऊन जातात.

आता एवढं वाचून कुणी म्हणेल की असली केंद्रं खूप ठिकाणी आहेत की, त्यात काय विशेष. विशेष हे आहे की इथे वस्तूबरोबर माणूस येतो. वस्तू कशी वापरायची ते दाखवतो, कधी वापरायची नाही तेही सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन बघून जातो. मला ह्या सगळ्या सेवेतलं हे परत येणं सगळ्यात मोठं वाटतं आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. २४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झालं आणि वडगाव-शहापुरातले कापड विणायचे माग एका दिवसात थंड झाले. ही मागवाल्यांची वस्ती, आठवड्याच्या मजुरीवर चालणारी घरं, माग बंद म्हणजे चूल बंद. तेव्हा मंडळाने पहिल्यांदा तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड आणि साबण अशी पिशवी करून घरोघरी दिली. त्या वर्षी गणपतीला मिरवणूक नाही, डेकोरेशन नाही, जी काय वर्गणी जमली होती ती तशीच राहिली, मग त्यातून ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेतले. दुसऱ्या लाटेत २०२१ ला बाहेरगावी असलेल्या आमच्या पोरांनी पैसे पाठवले त्यातून कॉन्सन्ट्रेटर आले. बेड, वॉकर वगैरे नंतर लोकांनीच आपापल्या घरातले आणून दिले, पेशंट बरा झाला किंवा गेला की घरात ती वस्तू नकोशी होते, ती इथे आली की दुसऱ्याच्या कामाला येते.

पण त्या वेळी वस्तूंपेक्षा जास्त कमी काय होतं तर आमच्यासाठी असलेली माहिती. हे सीमाभागात न राहणाऱ्याला चटकन समजणार नाही. आमच्या घरात टीव्हीवर बातम्या मराठी लागतात, त्या मुंबईहून येतात, त्यात सांगितलेले नियम महाराष्ट्राचे. आमच्यावर लागू होतात ते कर्नाटकाचे. महाराष्ट्रात १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून कडक निर्बंध लागले, ते बघून आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी दुसऱ्या दिवशीच घरात बसून घेतलं आणि किराणा आणायला कोणाला पाठवायचं म्हणून फोनाफोनी सुरू केली. प्रत्यक्षात आपल्याकडे १७ एप्रिलला लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं मतदान होतं, आणि कर्नाटकातला बंद लागला २७ एप्रिलपासून, मग १० मे पासून आणखी कडक, तेव्हा दुकानं सकाळी ६ ते १० एवढीच उघडी. ती पोटनिवडणूक तरी कशामुळे, तर आपले खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनानेच गेले म्हणून. एवढ्या जवळ येऊन गेलेला आजार आणि त्याबद्दलची माहिती अशी दोन राज्यांत वाटली गेलेली. सरकारी पत्रकं कानडीत, ती पोरांना वाचता येतात पण मराठी शाळेत चौथी शिकलेल्या आजीला येत नाहीत. व्हॉट्सॲपवर कोल्हापूरच्या नातेवाइकांचे मेसेज वेगळे, बेंगळुरात नोकरी करणाऱ्या भावाचे वेगळे.

मंडळाने काय केलं तर रोज संध्याकाळी एक मेसेज टाकायचे, मराठीत आणि कानडीत, चार-पाच ओळींचा, त्यात फक्त आपल्याकडे उद्या काय चालू काय बंद, लस कुठल्या केंद्रावर आहे, १०८ ची गाडी लागली नाही तर कुणाला फोन करायचा, एवढंच. कुठला उपाय नाही, काढा नाही, फॉरवर्ड नाही. ज्याच्या घरात स्मार्टफोन नाही त्याच्या दारात उभं राहून तोंडी सांगायचे. सरकारच्या हेल्पलाइन होत्या की, १०४ होती, कर्नाटक सरकारच्या आप्तमित्र ह्या कोरोना हेल्पलाइनची १४४१० होती, ई-संजीवनीवर डॉक्टर व्हिडिओवर बघायचे, ह्या सगळ्या चांगल्याच सोयी आणि आम्ही त्या वापरल्यापण. पण आमच्या आजीसारख्या माणसाने १४४१० ला फोन लावून आपल्याला काय होतंय ते कुणा अनोळखी माणसाला सांगायचं हे होणारं काम नव्हतं. मंडळाचा पोरगा फोन लावून स्पीकरवर टाकायचा आणि मधे बसून तिकडचं इकडे सांगायचा, मग व्हायचं.

आता बाबांचं सांगतो कारण सेवेची परीक्षा तिथेच झाली.

मे २०२१. बाबांना ताप, अंगदुखी, मग तोंडाची चव गेली. टेस्ट पॉझिटिव्ह. वय साठीच्या पुढे आणि शुगर आहे, त्यामुळे डॉक्टर आधी घरी ठेवायला तयार नव्हते, पण तेव्हा बेडच मिळत नव्हते आणि ऑक्सिजन ९७ होता म्हणून रोज फोनवर रिपोर्ट द्यायच्या अटीवर घरी ठेवा म्हणाले. त्याच संध्याकाळी मंडळाचा एक पोरगा, एरवी पॉवरलूमवर काम करतो तो, आणि आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, दोघं दारात. मास्क, फेस शील्ड. आत आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर स्टूल ठेवलं, त्याच्यावर स्पिरिटने पुसलेला ऑक्सिमीटर ठेवला आणि मागे सरून उभे राहिले. बाबांनी खोलीच्या दारातून हात पुढे करून घेतला आणि बोटाला लावला तर ९१ दाखवलं. आम्ही सगळे हादरलो. तो पोरगा शांतपणे म्हणाला, काका, बोट गार हायत तुमची, आधी हात चोळा चांगले, मग मधलं बोट आत पूर्ण घाला आणि हात छातीशी धरून गप बसा, आकडा हलायचा थांबतोय का बघा, एक मिनिट. मिनिटभराने ९६ वर थांबला. माझ्या बहिणीला बोट दाखव म्हणाला आणि तिच्या नखावर नेलपॉलिश बघून सांगितलं की हे काढल्याशिवाय तुझं रीडिंग घेऊ नको, मेंदी असली तरी चुकतं.

आशाताईंनी मग जुन्या कॅलेंडरच्या पानामागे रेघा मारायला लावल्या. वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप, आणि शेवटचा रकाना 'चालल्यावर'. हा शेवटचा रकाना आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी चालतं, आणि चालायच्या आधीचं नि नंतरचं रीडिंग बघायचं, ९३ च्या खाली गेलं किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्त आकड्याने पडलं तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. ही चाचणी महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने तेव्हा खूप सांगितली होती, म्हणजे टीव्हीवरची तिकडची माहितीसुद्धा जी उपयोगाची होती ती ह्या लोकांनी घेतली होती आणि आमच्यापर्यंत नीट आणून पोचवली होती. कारण त्या आजारात असं व्हायचं की माणूस बसून बोलतोय, चहा पितोय, त्याला काही त्रास वाटत नाही आणि आत ऑक्सिजन उतरलेला असतो. बसल्या जागी बरोबर दिसणारा आकडा चालल्यावर खरं काय ते सांगतो.

त्यांनी तीन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावले. ९५ आणि वर, ठीक. ९४ किंवा खाली आलं तर पालथं झोपायचं आणि डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली गेलं तर कुणाला विचारत बसायचं नाही, १०८ किंवा मिळेल ती गाडी, सरळ दवाखाना. आशाताई म्हणाल्या, मामा, हे तुमच्यासाठी न्हवं, घरातल्या बाकीच्यांसाठी लिहिलंय, रात्री तीन वाजता डोकं चालत नसतंय माणसाचं. किती खरं होतं ते.

पालथं झोपायचं म्हणजे कसं तेही दाखवलं, रस्त्यावर चटई टाकून तो पोरगा स्वतः झोपला. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीपर्यंत, दोन नडगीखाली. अर्धा तास ते दोन तास, मग उजव्या कुशीवर, मग उशांना टेकून बसायचं, मग डाव्या कुशीवर. जेवल्यावर तासभर नाही. पोटुशी बाईने करायचं नाही, हृदयाचा मोठा आजार असेल तर नाही, पायात रक्ताची गाठ झालेली असेल तर नाही. हे सगळं केंद्र सरकारच्या सूचनांमध्ये आहे, कुणी वाचलं तर सापडतं, पण उशी नेमकी कुठे येते ते रस्त्यावर झोपलेल्या माणसाकडे बघून जेवढं समजलं तेवढं कागदावरून समजलं नसतं.

दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी परत. रोज दोन वेळा फोन आणि एकदा दारात. कॅलेंडरचा कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा, ते बाहेरून वाचायचे. एकदा आशाताईंनी कागद बघून विचारलं की काल रात्रीचं चालल्यावरचं का नाही लिहिलं, आईने सांगितलं की त्यांना झोप लागली म्हणून उठवलं नाही, तर त्या तिथेच उभं राहून आत्ता घ्या म्हणाल्या. घेतलं तर बसून ९५ आणि चालून ९१. लगेच डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर म्हणाले ॲडमिट करा, वाट बघू नका. तिथून बेड मिळेपर्यंत पूर्ण दुपार गेली. मंडळाची पोरं दोन-तीन फोनवरून एकेक दवाखाना विचारत होती, एका खाजगी हॉस्पिटलने बेड आहे म्हणून सांगून आम्ही गेटवर पोचल्यावर नाही म्हणून सांगितलं आणि त्याआधी डिपॉझिटचा जो आकडा सांगितला तो आमच्या वर्षाच्या कमाईएवढा होता. ते काही तास बाबा कॉन्सन्ट्रेटरवर होते. शेवटी संध्याकाळी दुसरीकडे बेड मिळाला, बाबा तिथे राहिले आणि बरे होऊन घरी आले. आज रोज सकाळी फिरायला जातात.

म्हणून कॉन्सन्ट्रेटरबद्दल स्पष्ट लिहितो कारण लोकांचा ह्या मशीनबद्दल फार गैरसमज आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, हे मशीन नायट्रोजन गाळून साधारण ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन देतं, मिनिटाला ५ लिटर, मोठं असेल तर १०. ज्याला एवढ्याने भागतं त्याच्यासाठी ते आहे. अत्यवस्थ पेशंटला दवाखान्यात ह्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन लागतो, तो ह्या मशीनमधून कधीच येणार नाही. म्हणजे हे दवाखाना मिळेपर्यंत किंवा दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तर वापरायचं, दवाखान्याच्या ऐवजी नाही. चिठ्ठीशिवाय देत नाहीत ते ह्यासाठी. चिठ्ठी नसताना नेलं की घरचे लोक आकडा थोडा वर आलेला बघून निश्चिंत होतात आणि मोलाचे तास जातात.

आणि ते लाईटवर चालतं. हेस्कॉमची, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीची, लाईट पावसाळ्यात कधी जाईल ह्याचा नेम नाही, म्हणून मंडळ कॉन्सन्ट्रेटरबरोबर एक लहान सिलिंडर देतं आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते: दीड हजार लिटर, मिनिटाला ५ लिटर लावला तर ५ तास, २ लिटर लावला तर साडेबारा तास. हा हिशोब करून दिलेला मी दुसरीकडे कुठेच बघितला नाही. शिवाय देताना तोंडी सांगतात की बाटलीत नळाचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटरच घाला, मागची फिल्टरची जाळी धुवा आणि वाळवून लावा, आणि त्या खोलीत समई, उदबत्ती, बिडी काही पेटवायचं नाही. आमच्याकडे देवघर त्याच खोलीत आहे. आजीला हे पटवणं सोपं नव्हतं, पोरगा म्हणाला आजी, देव चार दिवस सोप्यात हलवूया, आणि त्यानेच आजीकडून विचारून विचारून एकेक टाक बाहेर आणायला लावला, रांग चुकू दिली नाही.

दारावर लागणाऱ्या बोर्डाबद्दलही लिहायला पाहिजे. पहिल्या लाटेत पॉझिटिव्ह घराच्या दारावर स्टिकर लावायचे आणि गल्लीत कळकाचे आडवे अडसर. त्याने काय झालं तर लोक टेस्ट करायला घाबरायला लागले, ताप आला तरी लपवायचे, दूधवाला त्या घरी यायचा बंद व्हायचा. सुप्रीम कोर्टाने ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं की अशी पोस्टर लावायची गरज नाही, पण बोर्ड गेला तरी लोकांच्या नजरा एवढ्यात जात नाहीत. मंडळाने ह्यावर भाषण दिलं नाही. पॉझिटिव्ह घराला दोन वेळचा डबा सुरू केला आणि तो डबा शेजारच्याच घरातून करून घ्यायचे, सामान मंडळ द्यायचं. शेजारीण एकदा भाकरी करून गेटला पिशवी अडकवायला लागली की दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून हाक मारून कसं हाय म्हणून विचारतेच. आमच्या आईचं आणि बाजूच्या घरातल्या बाईंचं नळाच्या पाण्यावरून कित्येक दिवस बोलणं नव्हतं, ते त्या डब्यावर सुरू झालं आणि अजून चालू आहे.

हद्दीचा त्रास वेगळाच. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या लोकांचा बाजार आणि दवाखाना बेळगाव. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवावा लागायचा, निपाणीकडे कोगनोळीला आणि इकडे शिनोळी रस्त्याला गाड्या अडवायचे. नियमाला कारण होतं हे मान्य, पण ज्याचं डायलिसिस बेळगावात आहे किंवा ज्याची बीपीची गोळी इथल्याच दुकानात मिळते त्याने काय करायचं. माझी आत्या तिकडची. मंडळाची पोरं औषधं घेऊन चेकपोस्टपर्यंत जायची आणि तिकडची पोरं दुसऱ्या बाजूने येऊन घ्यायची, पोलिसांसमोर, बिल दाखवून, आणि पोलिसांनी पण कधी आडकाठी केली नाही हे सांगितलं पाहिजे.

लसीचं काम तर मला सगळ्यात आवडलेलं. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर आपण सगळे फिरायला जातो, क्रिकेट खेळतो, पण ते नाव का पडलं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ब्रिटिश काळात तिथे देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या अंगावर. आणि त्या लसीनेच देवी हा रोग जगातून गेला, ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. आजी लस घ्यायला तयार नव्हती, ताप येतो, माणूस मरतो असं कुणीतरी भरवून दिलेलं. आशाताई आल्या आणि म्हणाल्या आजी, दंड दाखवा बघू. आजीच्या दंडावर देवीच्या लसीची गोल खूण आहे. ही कुठं घेतलासा, विचारलं. शाळेत आलेले डॉक्टर, आजी म्हणाली, लई रडलो होतो. मग देवी आल्या का तुम्हाला? आजी गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून रिक्षात बसली.

कोविन ॲपवर नोंदणी मंडळाच्या ऑफिसात एक लॅपटॉप लावून करून द्यायचे. मे महिन्यात १८ वर्षांवरच्यांना सुरू झालं तेव्हा स्लॉट उघडला की दोन मिनिटांत संपायचा, शहरातली पोरं खेड्यातल्या केंद्रावरचा स्लॉट बुक करून जायची आणि त्या गावचा माणूस दारात उभा. ॲप मराठीतून दिसायला लागलं ते जून २०२१ मध्ये. त्यापेक्षा गोंधळ दुसऱ्या डोसचा. कोविशील्डचं अंतर आधी ४ ते ६ आठवडे, मग मार्चमध्ये ६ ते ८, मग १३ मे ला १२ ते १६ आठवडे झालं. म्हातारी माणसं ठरलेल्या तारखेला उन्हात जाऊन परत यायची. मंडळाने एका वहीत सगळ्यांचे पहिले डोस लिहून ठेवले आणि अंतर बदललं की नवीन तारीख घरी जाऊन सांगितली. साधी वही, पण त्या वहीमुळे आमच्या गल्लीत दुसरा डोस राहिलाय असं म्हातारं माणूस सापडणं कठीण.

आशाताईंबद्दल एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, २००५ पासूनची योजना, पगार नाही, मानधन आणि कामावर मिळणारे पैसे. जुलै २०२० ला, ऐन कोरोनात, कर्नाटकातल्या आशांना महिना १२ हजार ठराविक मानधन आणि सुरक्षेचं साहित्य मिळावं म्हणून संप करावा लागला. मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन सन्मान केला, त्याचा आम्हाला अभिमान आहेच, पण आमच्या दारात उन्हात उभं राहणाऱ्या बाईला तेव्हा फेस शील्ड मंडळाने दिलं होतं आणि पाणी प्यायला कुठल्या घरात जायची सोय नव्हती. ह्या सेवेला मी कितीही चांगलं म्हटलं तरी ती चांगली चालली त्यातला मोठा वाटा अशा माणसांनी कमी पैशात, स्वतःच्या घरच्यांना धोक्यात घालून केलेल्या कामाचा आहे, आणि हे असंच चालत राहावं असं मला अजिबात वाटत नाही. त्यांना पगार मिळाला पाहिजे.

आता सध्याचं केंद्र कसं आहे. आजीला खुब्याच्या ऑपरेशननंतर बेड आणि हवेची गादी आणली. बेड दणकट, हँडल मऊ फिरतं, पण रंग उडालाय आणि एका बाजूचा कठडा नीट अडकत नाही, आम्ही दोरीने बांधला. हवेच्या गादीच्या पंपाचा आवाज रात्री जाणवतो, पहिल्या दोन रात्री आजीला झोप नाही, मग सवय झाली. गादीला एक भोक होतं, सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी बदलून दिली. पोरगा घरी येऊन आजीला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते दाखवून गेला, खांद्याला आणि मांडीला एकदम धरून, ओढायचं नाही, आणि आठवड्याने परत येऊन टाच आणि माकडहाड बघ म्हणून आईला सांगून गेला. जखम एकही झाली नाही.

कमी काय आहे तेही सांगतो. नोंद अजून वहीतच, त्यामुळे बेड शिल्लक आहे का हे फोनवर लगेच कळत नाही, ज्याच्याकडे वही तो माणूस भेटला पाहिजे. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ खोली उघडी, दिवसा सगळे कामावर. काही ऑक्सिमीटर बॅटरी न काढता तसेच ठेवलेले, आत सेल फुटून गंज चढलेला मी बघितला, त्यांना सांगितलं, आता सेल वेगळे ठेवतात. कॉन्सन्ट्रेटर दुसऱ्या लाटेत आणलेले आहेत, त्यातून आज नक्की किती टक्के ऑक्सिजन येतो हे मीटर लावून तपासून घ्यायला पाहिजे, ते झालेलं नाही, ह्याला पैसे लागतात आणि मी त्यासाठी वर्गणी काढूया म्हणून मागे लागलोय. चाकाची खुर्ची एकच आहे आणि ती कायम बाहेर असते. आणि नवीन पोरं फार कमी येतात, तेव्हाची पोरं आता संसाराला लागली, काही पुण्याला गेली, परत येऊन बघून जाणारी माणसं कमी झाली तर उरेल ती नुसती भांडाराची खोली.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा वेळेसाठी आणि वहीसाठी कापला.

कुणाला बेड न्यायचा असेल तर टेम्पो स्वतःचा करून या, मंडळाकडे गाडी नाही. बेड तीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब आहे, आपल्याकडच्या जुन्या घरांचे दरवाजे अरुंद असतात, आधी घरचा दरवाजा आणि सोप्यातलं वळण टेपने मोजून मग या. पाय सुटे करता येतात पण पाना तुमचा तुम्ही आणा. डिपॉझिटची पावती जपून ठेवा, आणि परत देताना बेड फिनेलने पुसून, गादी वाळवून द्या, बहुतेक वेळा पुढचा माणूस त्याच संध्याकाळी न्यायला आलेला असतो.